उमरान मिस्त्रीची तीन बटणं

उमरान मिस्त्रीच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत. ओळखपत्राच्या कचेरीतल्या बाईने त्याची बोटं पाच वेळा शाईला लावून कागदावर टेकवली, आणि पाचही वेळा नुसता काळा डाग उमटला. "काका, तुम्ही करता तरी काय?" तिने वैतागून विचारलं. "तेल काढतो," उमरान म्हणाला.

बत्तीस वर्षं तो हनियाबाईच्या, आमच्या लल्ला हनियाच्या, गिरणीत जैतुनाचं तेल काढत होता. झरझीस बंदराच्या या बाजूला निम्म्या गावाचा माल त्याच्या हाताखालून गेलाय. माझी चाळीस झाडं आहेत, शाळेतून निवृत्त झाल्यापासून तीच माझा उद्योग, आणि माझंही तेल दर वर्षी तोच काढायचा.

गिरणीच्या जुन्या यंत्रावर फिरवायची तीन मोठी बटणं होती. जैतून दळून जो लगदा होतो, तो एका लांब हौदात तास-तासभर घुसळावा लागतो. त्या लगद्याला ऊब किती द्यायची, याचं एक बटण. पुढे तो गरगर फिरणाऱ्या पिंपात जातो, तिथे पाणी किती सोडायचं, याचं दुसरं. आणि लगदा किती वेगाने पुढे ढकलायचा, याचं तिसरं. उमरान हौदावर ओणवा उभा राहायचा. डोळे लगद्यावर, कान पिंपाकडे, आणि उजवा हात मागे बटणांवर. त्या हाताकडे तो कधी वळूनही बघत नसे. लगद्यावर तेलाची तकाकी आली की हात आपोआप थोडा फिरायचा. आम्ही रांगेत बसून गप्पा मारायचो आणि तो यंत्राचे कान पिळायचा.

गेल्या वर्षी ते यंत्र कायमचं बंद पडलं. हनियाचा नवरा वारल्याला अकरा वर्षं झाली, गिरणी ती एकटीच चालवते. तिने धीर करून परदेशातून नवं यंत्र आणवलं. ते कॉम्प्युटरवर चालणारं होतं, चकचकीत, आणि त्याच्यावर एकही बटण नव्हतं. होती ती दोन वीत रुंद काच. कंपनीचा माणूस पांढरा शर्ट घालून आला, अर्धा दिवस शिकवून गेला. "नुसतं बोट लावायचं, बाकी ते बघून घेतं," म्हणाला.

उमरानने बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. जोरात दाबलं. काच ढिम्म.

"तेल लागलंय हाताला, धुऊन या," हनिया म्हणाली.

त्याने साबण लावून हात धुतले, पुसले, परत आला. मधलं बोट चाललं, तेही एकदाच. तर्जनीची कातडी इतकी निबर झालेली की काचेला ते बोट आहे हेच समजेना.

"नाक लावून बघ!" रांगेतून जिलानी ओरडला. जिलानी म्हणजे उमरानचा लहानपणचा दोस्त आणि गावातला सगळ्यात तोंडाळ माणूस.

उमरानने खरंच वाकून नाक लावलं. आणि चाललं की! पान उलटलं. गिरणीभर हशा पिकला. उमरानही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्याने हंगामाचे पहिले दोन आठवडे तसेच रेटले. दर वेळी हात धुवायचे, पुसायचे, काचेपाशी जायचं, डोळे बारीक करून अक्षरं वाचायची, तीन पानं उलटून पाण्याचा आकडा शोधायचा. तोवर इकडे लगद्याची वेळ टळलेली असायची. काचेकडे बघावं तर लगदा दिसत नाही, लगद्याकडे बघावं तर काच दिसत नाही.

आणि मग जिलानीच्याच मालावर घात झाला. लगदा सुंदर उतरला होता. उमरानला पाणी किंचित वाढवायचं होतं. त्याने वाढवायच्या खुणेवर पाच-सहा वेळा बोट दाबलं, काहीच हललं नाही म्हणून बाही ओढून काच खसाखसा पुसली आणि पुन्हा दाबलं. त्या पुसण्यात आकडा कुठच्या कुठे गेला. काचेवर धोक्याची सूचनाही आली होती म्हणतात, पण उमरान तोवर हौदाकडे वळला होता. पिंपाचा आवाज बदलल्यावर त्याने मान वर केली. जिलानीचं बरंचसं तेल पाण्याबरोबर मागच्या खड्ड्यात वाहून गेलं होतं.

"बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं रे," जिलानी म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलला.

हनियाने त्याला आपल्या वाट्यातून तेल देऊन त्याचं समाधान केलं. उमरानने मात्र भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली टोपी काढली, डोक्यावर घातली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.

हनिया त्याला बोलवायला स्वतः गेली होती. "भाऊ, चूक यंत्राची होती," ती म्हणाली.

"यंत्राची असो नाहीतर माझी. जे यंत्र माझा हात ओळखत नाही, त्याच्यापुढे मी कशाला उभा राहू?" एवढं बोलून तो कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायला बसला.

ऐन हंगामात गिरणी बंद ठेवणं शक्य नव्हतं. हनियाने बाजारातून सिरीनला आणलं. ही सिरीन कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. चार वर्षं नोकरीसाठी अर्ज करून करून कंटाळली आणि शेवटी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकून बसली. काच तिच्या बोटाखाली पाण्यासारखी हलायची. कुठे किती ऊब, कुठे किती पाणी, सकाळपासून काय काय झालं याच्या रेषासुद्धा ती काचेवर काढून दाखवायची. आठ-नऊ दिवस गिरणी छान चालली. "बघा, माणसाला कशाला दोष द्यायचा आणि यंत्राला कशाला," हनिया म्हणाली, "ज्याचं काम त्याला जमतं."

मग तीन दिवस सलग पाऊस पडला. आमच्याकडे असा पाऊस म्हणजे आनंदच, पण त्यानंतर जी जैतुनं आली ती पाणी पिऊन फुगलेली. लगदा गोंदासारखा झाला. पात्यांना चिकटून गोल गोल फिरायचा, तेल काही सुटेना. सिरीनने यंत्रात दिलेल्या सगळ्या तऱ्हा लावून पाहिल्या. बाहेर पडणारा चोथा ओला आणि तेलाने चमकणारा; म्हणजे तेल त्यातच राहून जातंय. रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले.

दुपारी ती कोणालाही न सांगता उमरानच्या घरी गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

"काका, लगदा चिकटतोय."

"काचेला विचार."

"विचारलं. ती म्हणते सगळं ठीक आहे."

उमरानची बायको मबारका चुलीपाशी होती, ती फिसकन हसली. "ये गं पोरी, बस. पंधरा दिवस झाले, हा माणूस कोंबड्यांना तेल काढायला शिकवतोय. एक शिकली तर शपथ."

उमरान कोंबड्यांना दाणे टाकत राहिला. सिरीनने मग खिशातून कागदात गुंडाळलेला लगदा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोन बोटांत चोळला, वास घेतला. "पाणी चालू ठेवलंयस?" त्याने विचारलं.

"यंत्र सांगतं तेवढं."

"अगं, हा आधीच पिऊन आलाय, त्याला आणखी कशाला पाजतेस!" आणि तो उठला. चपला घालता घालता म्हणाला, "मी फक्त सांगणार. काचेला हात लावणार नाही."

तो आला तेव्हा मी तिथेच होतो. उमरान हौदावर ओणवा, सिरीन दहा पावलं दूर काचेपाशी, आणि मध्ये यंत्राचा धडधडाट.

"पाणी कमी!" तो ओरडला.

"किती?"

"थोडं!"

"थोडं म्हणजे किती? आकडा सांगा!"

"आकडा मला काय माहीत! एवढं!" आणि त्याने हवेतच मनगट फिरवलं.

तिने पानं उलटून पाणी कमी करेपर्यंत तो पुन्हा ओरडला, "आता पुरे! वेग कमी कर! अगं वेग!" संध्याकाळपर्यंत दोघांचे घसे बसले. पण तेल सुटलं. चोथा कोरडा पडायला लागला.

यंत्र थांबल्यावर सगळे घरी जायला निघाले, तेव्हा सिरीनने उमरानला थांबवलं. तिने एक पुठ्ठा आणला. "काका, मघाशी पाणी कमी करताना हात कसा फिरवलात? तसाच फिरवा."

"वेडी आहेस का?"

"फिरवा तर."

त्याने फिरवला. तिने पुठ्ठ्यावर खूण केली. मग ती त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलली, मबारकाच्या कोंबड्यांचं बोलली, आणि मध्येच म्हणाली, "पाणी थोडं कमी." त्याचा हात फिरला. खूण जिथल्या तिथे. असं तिने सहा-सात वेळा केलं. मी साक्षीला होतो. एका जवाएवढासुद्धा फरक नव्हता.

"तुम्हाला आकडा माहीत नाही असं कोण म्हणतं?" सिरीन म्हणाली. "तुमचा आकडा मनगटात आहे."

चार दिवसांनी ती एक डबा घेऊन आली. लोखंडी पत्र्याचा, त्यावर एकच फिरवायचं बटण. यंत्राच्या पाठीमागे दुरून चालवण्यासाठी एक खोबण होती, तिला वायर जोडली की डबा कॉम्प्युटरशी बोलणार. हनियाने आधी कंपनीला फोन लावला. "यंत्र उघडलंत तर हमी गेली," पलीकडून उत्तर आलं. "उघडत नाही हो," सिरीनने फोन हातात घेऊन सांगितलं, "बाहेरूनच बोलते त्याच्याशी. खोबण तुम्हीच ठेवलीय." पलीकडचा माणूस कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला की, खोबण वापरायला हरकत नाही.

उमरानने बटण फिरवलं. फिरवलं, फिरवलं, आणखी फिरवलं. ते फिरतच राहिलं.

"हे थांबतं कुठे?"

"थांबत नाही काका. कितीही फिरवा."

"मग मी आहे कुठे हे मला कसं कळणार? याला ना सुरुवात ना शेवट. माझ्या मेव्हण्याच्या गप्पांसारखं आहे हे." त्याने डबा तिच्या हातात परत दिला.

सिरीन हिरमुसली, पण डबा घेऊन गेली. दुसऱ्या डब्यावर तीन बटणं होती. दोन्ही टोकांना थांबणारी, मुठीत मावतील एवढी मोठी, आणि प्रत्येकावर अंगठ्याला लागेल अशी एक खाच. हाताला तेल असलं तरी घसरू नयेत म्हणून कडेला दाते पाडलेले. ते तिने झरझीसच्या बंदरातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतले होते. उमरानने डोळे मिटून तिन्हींवर हात फिरवला. या वेळी डबा परत दिला नाही.

तरी एक घोळ निघालाच. यंत्राला वाटलं की ते आपलं आपण पाणी बदलायचं. बटण मात्र जिथल्या तिथे. म्हणजे खाच सांगणार एक आणि आत चाललेलं असणार भलतंच.

"हे खोटं बोलतंय," उमरान म्हणाला. "खोटं बोलणाऱ्यापेक्षा मुकं परवडलं."

सिरीन ओट्यावर बसली. त्या दिवशी ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. हनियाने तिच्यापुढे बसीसाची वाटी ठेवली. भाजलेल्या जवाच्या पिठात तिने नुकतंच आलेलं तेल घातलं होतं. "खा आधी. आणि मला एक सांग. या घरात दोन मालक कशाला? एका वेळी एकालाच चालवू दे की."

सिरीनचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी डब्याच्या कडेला एक खटका आला. खटका वर केला की यंत्र चालवणार, बटणं बाजूला. खाली केला की हात चालवणार, आणि यंत्राने फक्त बघायचं, मर्यादा ओलांडली तर भोंगा वाजवायचा. सगळे हिशेब, यंत्र धुण्याचं वेळापत्रक, सुरक्षेची कुलपं, सूचना हे काचेवरच राहिलं. हाताकडे आली ती तीनच कामं.

आता प्रश्न होता की पहिला माल कोणाचा. जिलानी रांगेत पुढे होता. तो सरळ म्हणाला, "माझा नको. एकदा पोळलोय." उमरान खाली मान घालून उभा राहिला.

"माझा घ्या," मी म्हणालो. मी काही फार शूर माणूस नाही. पण बत्तीस वर्षं ज्याच्या हातचं तेल खाल्लं, त्याला त्या क्षणी रांगेतून कुणीतरी हाक मारायला हवी होती.

माझी खोकी रिकामी झाली. दळायचे दगड फिरले, लगदा हौदात उतरला. उमरानने खटका खाली केला, पाठीमागच्या खांबाला टांगलेल्या डब्यावर हात ठेवला आणि हौदावर ओणवा झाला. पाऊण तास तो तसाच उभा होता. मध्येच हात किंचित हलायचा, अंगठा खाच चाचपायचा. सिरीन काचेपाशी उभी होती, पण तिने बोट लावलं नाही. तिच्याही नकळत ती लगद्याकडे बघायला लागली होती. "आता तकाकी आली, ना काका?" तिने विचारलं. "आली," तो म्हणाला, "आणि तुला दिसलीही."

तेल आलं ते हिरवं, घट्ट, घशाला झोंबणारं. हनियाने गरम भाकर मोडली. जिलानीने कुणी देण्याची वाट न बघता माझ्या तेलात तुकडा बुडवला, चावला, बराच वेळ चावत राहिला. मग तोंड पुसून म्हणाला, "माझी खोकी पुढे घ्या रे. आणि उमरान, या वेळी नाक लावलंस तर बघ!"

उमरानने भाकरीचा तुकडा त्याच्या अंगावर फेकला.

गोष्ट इथे संपली असती, पण सिरीनला एक अवघड गोष्ट सांगायची होती. जानेवारीत एकदा गिरणी धुऊन झाल्यावर ती मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही काकांना सांगाल का? मला धीर होत नाही." आता बटणं कॉम्प्युटरला जोडलेली असल्यामुळे उमरानचा हात केव्हा किती फिरला, हे काचेवर रेषेत दिसायचं. रोज दुपारी चारनंतर तो ऊब थोडी जास्त द्यायचा. रोज. ऊब जास्त झाली की तेल चटकन सुटतं, पण त्याचा वास उडतो. दुपारचा माल सकाळच्या मालापेक्षा फिका निघत होता.

"तूच सांग," मी म्हणालो. "त्याने तुझा डबा तोंडावर परत दिला होता. हिशेब सारखा होईल."

तिने सांगितलं. उमरानचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे ही माझ्यावर पाळत ठेवते?"

"नाही काका. आठवण ठेवते."

तो उठून बाहेर गेला, नळाखाली तोंड धुतलं, परत आला. "दाखव," म्हणाला. काचेवरची रेषा त्याने वाकून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. मग खुर्चीत बसून पाय चोळायला लागला. "चारनंतर गुडघे बोलायला लागतात गं," तो हळूच म्हणाला. "लवकर आटपावंसं वाटतं. मला वाटायचं लगदाच तसा आहे."

दुसऱ्या दिवसापासून हनियाने हौदापाशी उंच स्टूल ठेवलं आणि चारनंतर अर्धा तास खटका वर असायचा. त्या अर्ध्या तासात उमरान चहा प्यायचा आणि सिरीनला लगदा वाचायला शिकवायचा. रेषा सरळ झाली. ती सरळ झालेली बघायला तो रोज संध्याकाळी काचेपाशी जायचा. "लाव गं बोट," म्हणायचा, "आजची काढ."

आता हंगाम उलटून गेलाय. डब्याची बातमी रांगेतल्या लोकांबरोबर गावोगाव गेली. मार्चमध्ये बेन गरदान गावच्या गिरणीतून बोलावणं आलं. तिथली मिस्त्री म्हणजे फौझिया नावाची चाळिशीची बाई, बापाच्या जागी काम करणारी. सिरीन आणि उमरान दोघं तिच्याकडे गेले. गाडी माझी होती, म्हणून मीही.

फौझियाने तिन्ही बटणं फिरवून पाहिली. "छान आहेत," ती म्हणाली. "पण मला दोनच द्या. पाण्याचं मी काचेवरच बघते, मला तसंच जमतं."

उमरान ताठ झाला. "पाणीच तर मुख्य! पाणी हातात नको म्हणतेस?"

"तुमच्याकडे असेल मुख्य, काका. आमचं पाणी खारं आहे, मला त्याचा आकडा डोळ्यांपुढे लागतो. बोटाला नाही कळत ते."

सिरीन उमरानकडे बघत होती. तो बराच वेळ फौझियाच्या हौदाकडे, तिच्या काचेकडे, मग पुन्हा हौदाकडे बघत राहिला. वाकून त्याने तळाशी राहिलेला वाळलेला लगदा नखाने खरवडला, जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"खारं आहे खरं," तो म्हणाला. मग सिरीनकडे वळला. "दोनच कर. पण तिसऱ्याची जागा मोकळी ठेव. उद्या हिचं मन बदललं तर?"

"आणि नाही बदललं तर?" फौझियाने विचारलं.

"तर मी पुढच्या हंगामात येऊन तुझ्याकडून शिकेन," उमरान म्हणाला आणि तिच्या चहाच्या किटलीकडे हात पुढे केला.